माझं आक्षेपाचं पत्र
किचनर, मंगळवार, १४ नोव्हेंबर २०१७

तडजोड मंजूर झाली. आज कितीतरी दिवसांनी धड जेवलो.

बंद पडलेल्या आमच्या कॉलेजविरुद्ध सगळ्या विद्यार्थ्यांचा मिळून एकच दावा होता. झालेली तडजोड कोर्ट मान्य करणार की नाही, ते आज ठरायचं होतं. भरपाईचा फॉर्म भरायला एकच महिना, मग भारतात परत गेलेल्यांना कळणार कधी, असं आक्षेपाचं पत्र मी एकट्यानेच पाठवलं होतं. का पाठवलं? त्यामुळे सगळंच फेटाळलं गेलं असतं तर? कोर्टात जाताना टोरोंटोच्या बसमध्ये माझ्या वर्गातला नीलेश म्हणालाच, "साहेब, अर्धवट शिकून हे, पूर्ण शिकला असतात तर आमचं काही खरं नव्हतं."

दहावीपासूनची मूळ प्रमाणपत्रं, दोन-दोन झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सगळं फाईलमध्ये नेलं होतं. कुणी फाईल उघडायलाही सांगितली नाही. न्यायाधीशबाईंनी माझं पत्र वाचलं आणि दोन्ही वकिलांना विचारलं. ते तीन महिने द्यायला तयार झाले. मग बाईंनी मंजुरी दिली. इतकंच. आणि मी फाईल छातीशी धरून बसलेलो.

बाहेर येताच नीलेशने मोबाईल काढला. मग त्याने सांगलीला परत गेलेल्या आमच्या वर्गातल्या स्नेहलला फोन लावला. "स्नेहल, फॉर्म भर गं. अजून वेळ आहे."