चार रंगांतला राम

नाना,

धाकटी नात परवा संगणकाच्या पाटीवर चित्र काढत बसली होती. त्यात म्हणे लाखो रंग असतात, आणि तिने बाजूला चारच काढून ठेवले होते. मी विचारलं, एवढे असताना चारच का गं? ती म्हणाली, "कमी रंग घेतले ना आजी, की सगळं चित्र एका घरचं वाटतं." मी माळ घेऊन आत गेले. पण जपात लक्ष लागेना. कोरीटच्या मारुतीच्या देवळाची भिंत डोळ्यांपुढून हलत नव्हती. तुम्हाला जाऊन साठेक वर्षं झाली असतील, आणि त्या भिंतीबद्दल आपण बापलेक कधी धड बोललो नाही.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षीचा चैत्र. नंदुरबार तेव्हा धुळ्याखालचा एक तालुका. दुकानांच्या पाट्या, बैलगाड्यांची चाकं, देवळांच्या भिंती, जे मिळेल ते तुम्ही रंगवायचात, आणि सगळं चार रंगांत: तांबडा गेरू, पिवळी पिवडी, काळी काजळी आणि पांढरा चुना. हिरवा लागला तर पिवडीत काजळी टाकायचात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही पानाचा रस घातला असणार. रंग भिंतीला धरावा म्हणून मी तळोद्याच्या बाजारातला धावड्याचा डिंक भिजत घालायची, गेरू फडक्यातून गाळायची, आणि कशात काय किती घातलं ते वहीत लिहायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी तोच रंग पुन्हा करता यावा. एकदा भांडं धुताना उरलेला रंग मी ओतून दिला तर केवढे ओरडला होतात! उरलेला रंग पुढच्या रंगात गेला पाहिजे, तेव्हा भिंतीवरची माणसं एकमेकांची नातलग वाटतात, असं तुमचं म्हणणं. आजही माझ्या घरी आदल्या दिवशीची भाजी थालीपिठात जाते, त्यामागे तेच ओरडणं आहे.

कोरीटच्या भिंतीवर राम, सीता, लक्ष्मण आणि पायाशी मारुती काढायचे होते, रामनवमीच्या आत. पाटलांच्या मनात सुरतेचा ऑइल पेंटवाला होता. तुम्हीच सांगून बसलात, मी करतो, नाही पटलं तर चुना मारा. म्हणजे गावासमोर तुमची सगळी पत त्या एका भिंतीवर लागली होती. आणि रामाच्या अंगाला तुम्ही चुना आणि काजळीचा राखाडी दिलात.

पाटलीणबाई पाण्याला जाता-येता थांबायच्या. "काय वं पोरी, तुन्हा बाप रामले राख फासी ऱ्हायना का? राम शे तो, गोसाई नई!" बरोबरच्या बाया हसायच्या. मी मान खाली घालून डिंक ढवळायची. पाटील हसले नाहीत. ते सरळ म्हणाले, "राम निया जोयजे. नई तं चुना मारसूत." तुम्ही शिडीवरूनच उत्तर दिलंत, "निया रंग मन्हाकडे शेच नई. तरी बी तो निया दखाई. बाजूले गेरू भरू द्या, मंग बोला." पाटील माझ्याकडे बघतात, मी वहीकडे बघते. वहीत चुना चार वाट्या, काजळी एक चमचा. त्यातून निळा कुठून येणार?

नवमीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत तुम्ही मागची सगळी जागा गेरूने भरलीत, जेवलात आणि कडुनिंबाखाली आडवे झालात. संध्याकाळी पाटील बघायला येणार होते. मी पाटलीणबाईंकडे गेले आणि धोतरांना द्यायची नीळ मागितली. "बापनी सांगं का?" त्यांनी विचारलं. मी होकाराची मान हलवली. म्हणजे खोटं बोलले, तेही देवाच्या कामात. चुन्यात नीळ कालवली, शिडीवर चढले आणि रामाचं तोंड, हात, छाती, पाय, सगळं तुमच्याच कुंचल्याने भरून काढलं. डोळे तेवढे तुमचे ठेवले.

तुम्ही उठलात. भिंतीसमोर येऊन उभे राहिलात. राम इतका निळा झाला होता की सीतेच्या अंगावरची पिवडी मळकी वाटायला लागली होती, आणि लक्ष्मण तर धुळीत उभा असल्यासारखा. "तू करं का?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हटलं. तुम्ही निळा पुसायला फडकं ओलं केलंत, तेवढ्यात पाटील नारळ घेऊनच आले. "आते कसा राम वाटस!" ते म्हणाले. पाटलीणबाई मागून मला, नीळ कामी आली, अशी खूण करत होत्या. तुम्ही फडकं खाली ठेवलंत आणि नारळ घेतलात. तुम्ही खरं सांगितलं असतं तर बापाला न विचारता देवाला हात लावला म्हणून गावाने मला धारेवर धरलं असतं, एवढं मला तेव्हाही कळलं. घरी परतताना गाडीत मात्र एकच वाक्य बोललात. "एक जण बोंबलना, का बाकीना मुका व्हई जातस."

पुढचं काम ब्राह्मणपुरीला होतं. मी पहाटे उठून डिंक काढायला गेले तर चारही भांड्यांत रंग कालवून तयार. "ऱ्हाऊ दे," तुम्ही म्हणालात, "तू मायले हात लाव." आवाजात राग नव्हता. मी आईच्या शेजारी भाकरी थापायला बसले. मार्गशीर्षात माझं लग्न झालं, आणि तुमच्या कुंचल्यांना हात लावायची वेळ पुन्हा आलीच नाही. कोरीटच्या भिंतीला पुढे टाइल्स बसल्या. आता तिथे ना तुमचा राम आहे, ना माझा.

हे पत्र टाकायला जागा नाही. तुमच्या हयातीत दोन वाक्यांत सांगून झालं असतं. त्या दुपारी तुम्ही झोपलात आणि मी विहिरीवरून कळशी घेऊन परतत होते. बांधाच्या वळणावरून भिंत पहिल्यांदाच सबंध दिसली. गेरूमध्ये बसलेला तुमचा राम निळा होता, पावसाळी ढगासारखा. मी कळशी खाली ठेवून तिथेच हात जोडले होते. मग जवळ गेले, तर राखाडी. आणि नाना, तरीही मी नीळ मागायला गेले, कारण जवळून बघणारं गाव काय म्हणेल याची मला भीती वाटली.