गावाच्या पुस्तकातला घोडा

बाबा, आपल्या गावाच्या इतिहासाच्या पुस्तकात तुमच्यावर एक ओळही नव्हती, हे तुम्हाला शेवटपर्यंत सलत राहिलं. साउथहॅम्प्टनचं मोठं हॉस्पिटल सोडून तुम्ही आम्हाला तासाभरावरच्या त्या इंग्लिश खेड्यात आणलंत, वर्षानुवर्षं तिथले खोकले आणि गुडघे तपासलेत, पण त्या माणसांवर पुरता विश्वास एक दिवसही ठेवला नाहीत. तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं झाली, म्हणून आता म्हणायला धजते: तुमचा संशय तुमच्यापेक्षा माझ्यातच जास्त मुरला.

मला ते स्वयंपाकघर दिसतं. आई फोडणी घालण्याआधी रस्त्याकडची खिडकी लावून घेतेय, वास बाहेर जाऊ नये म्हणून. दाराशी कोणीतरी कागदी पिशवीत शेंगा ठेवून गेलंय. चिठ्ठी नाही, नाव नाही. परसात भाजी जास्त झाली की शेजाऱ्यांच्या दाराशी अशी ठेवून जायची त्या गावाची रीतच होती, पण आपल्याला ते कोण सांगणार? तुम्ही एक शेंग उजेडात धरून निरखता. फुकट कोणी काही देत नाही, म्हणता. आई त्या तीनदा धुते. भाजी मात्र तुम्हीच दोनदा मागून घेता.

पुस्तक लिहीत होत्या त्या गावच्या शाळेतल्या रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. टेपरेकॉर्डर घेऊन त्या घरोघरी फिरायच्या. आपल्याकडे आल्या तेव्हा चहा झाला, चिवडा झाला, आणि मग त्यांनी विचारलं की तुम्ही कुठून आलात, कधी आलात, गाव पहिल्यांदा पाहून काय वाटलं. तुम्ही अर्धा तास हवामानावर बोललात. त्या गेल्यावर आईला म्हणालात, "डेट ऑफ अरायव्हल कशाला हवी हिला? कोणी पाठवलं असेल, काय सांगावं." नागरिकत्वाचे नियम बदलल्यापासून आपली सगळी कागदपत्रं काळ्या ब्रीफकेसमध्ये कुलपात असायची. सही केलेला कागद घराबाहेर गेला की तो आपला राहत नाही, हे तुम्ही मला पाढ्यांसारखं घोकायला लावलं होतं.

महिन्याभरानं बाईंचं पाकीट आलं. मी पंधरा वर्षांची, नुकतीच शाळेतून आलेले, घरात दुसरं कोणी नाही. पाकीट उघडलं तर माझ्या नजरेत तीनच गोष्टी भरल्या: तुमचं पूर्ण नाव, गावात आल्याची तारीख आणि खाली सहीची रिकामी जागा. तारीख तुम्ही तर सांगितली नव्हती, मग हिला कळली कुठून? सोबतच्या चिठ्ठीत होतं की मजकूर पसंत असेल तर सही करून परत पाठवा, उत्तर आलं नाही तर तुमची इच्छा नाही असं समजून मी तो गाळेन. मला वाटलं, आपण वाचलो. पुढचं न वाचताच मी ते पाकीट माझ्या अ‍ॅटलासमध्ये लपवलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आठवडाभर झोपला नसतात.

व्हिलेज हॉलमध्ये पुस्तक आलं त्या दुपारी सगळं गाव जमलं होतं. तुम्ही टाय लावून गेला होतात. उभ्या उभ्याच पानं उलटत राहिलात. पाद्री होते, खाटीक होता, सुईण होती, दुधाची गाडी ओढणारा घोडासुद्धा होता. तुम्ही शेवटच्या पानापर्यंत गेलात आणि पुन्हा पहिल्यापासून चाळू लागलात. तेवढ्यात बाई आल्या आणि हलकेच म्हणाल्या, "डॉक्टर, यू डिडन्ट वॉन्ट टु बी इन इट. आय क्वाइट अंडरस्टँड." तुम्ही मान डोलावलीत, चहा संपवलात. गाडीत बसल्यावर आईला म्हणालात, "बघ, गाळलं त्यांनी आणि खापर माझ्यावर. घोडा बरा लक्षात राहिला." मी मागच्या सीटवर होते.

त्यानंतर गावच्या फ्लॉवर शोला तुम्ही पाऊल टाकलं नाहीत. दाराशी आलेल्या शेंगा न उघडता कंपोस्टमध्ये जाऊ लागल्या. मी बोलायला हवं होतं. आधी तुमची भीती वाटली, मग माझीच लाज, आणि मग तुमचं आजारपण आलं. आपला संशय खरा ठरल्याचं तुम्हाला थोडं समाधान आहे, ते कशाला हिरावून घ्या, अशीही मी मनाची समजूत घातली. ती निव्वळ सबब होती.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. त्याच अ‍ॅटलासमध्ये ठेवीन, पाकिटाशेजारी, कारण पाकीट मी फाडलं नाही. हॉलवरून परतल्यावर तुम्ही हातपाय धुवेपर्यंत मी वर जाऊन ते सगळं वाचलं. तुम्ही काही सांगितलं नव्हतंत, तर गावानं सांगितलं होतं. तारीख सगळ्यांनाच पाठ होती, कारण तुम्ही आलात त्याच दिवशी रस्ते बर्फानं बंद झाले होते आणि तुम्ही बॅग घेऊन पायी टेकडीवरच्या फार्मवर बाळंतपणाला गेला होतात. आणि कोणीतरी असंही सांगितलं होतं की संध्याकाळी गल्लीत फोडणीचा वास आला की बरं वाटतं, डॉक्टर घरी आलेत हे कळतं.

घोड्याला चार ओळी होत्या, बाबा. तुम्हाला दीड पान होतं. ते वाचून मी खाली आले. तुम्ही भात वाढ म्हणालात, आणि मी वाढला.