संगणकात अडकलेलं केन्चोनोचं गाणं

सोमवार, ३ जून

काळा पडदा. त्यावर एकच पांढरी ओळ — सुरू होण्याची फाइल खराब आहे. पुढे काहीच नाही!

आमच्या दुरुस्तीच्या दुकानाचे मालक को हान, त्यांनी नेहमीसारखं सांगून टाकलं, "फॉर्मॅट मारू, नवं टाकू, संध्याकाळी घेऊन जा." गिऱ्हाईक पाक हार्जोनी संगणकाच्या डब्यावर दोन्ही हात पसरले. "को, आत केन्चोनो आहे!"

केन्चोनो म्हणजे त्यांचा कॅनरी पक्षी. कॅनरीत गातात ते नरच, आणि अख्ख्या मलांग शहरात, जावाभरात म्हणा हवं तर, त्याच्यासारखा गाणारा नव्हता. गेल्या पावसाळ्यात मेला. त्याचं गाणं फक्त या डिस्कवर आहे. दुसरी प्रत मुद्दाम ठेवलेली नाही — एकदा फोनवरून फोनवर गेलं की उद्या गावभराचे पक्षी तेच गातील! आता नवा पक्षी आहे, 'गातोत'. घटोत्कचावरून ठेवलेलं नाव. रोज पहाटे पिंजऱ्यावर टाकलेल्या कापडाखाली बसून तो केन्चोनोचं गाणं ऐकतो. अजून स्वतः एक सूर काढलेला नाही, पण शिकायचं वय हेच. ते सरलं की संपलं. आणि महिनाअखेरीला पक्ष्यांच्या गाण्याची स्पर्धा.

को हान माझ्याकडे वळले. "नुग, तूच बघ. आणि गेलं तर तूच त्यांना सांग."

माझ्याकडे! एकट्याकडे!

मंगळवार, ४ जून

पेनड्राइव्हवरून चालू केला. झाला! पण डिस्क उघडेना. म्हणजे नुसती सुरुवातीची फाइल नाही, आतली सगळी मांडणीच विस्कटलीय.

को हान मागून — "दाब ना दुरुस्तीचं बटण! नव्या नवरीसारखा लाजतोस काय?"

नाही दाबलं. आधी अख्ख्या डिस्कची प्रत करायची. दुरुस्ती प्रतीवर. मूळ डिस्कला बोटही लावायचं नाही. प्रत लावून दिली. फार सावकाश चाललीय.

बुधवार, ५ जून

प्रत अजून चालूच. पाक हार्जो सारखे येऊन जातायत. तळलेलं टेम्पे, सोयाबीनच्या वड्या, आणलं होतं. ते को हाननीच संपवलं.

गुरुवार, ६ जून

सापडलं! कारण सापडलं!

प्रत पूर्ण झाली. पण आज दुरुस्त केलेला संगणक उद्या पुन्हा मेला तर? म्हणून पाकच्या घरची वायर आणि बोर्ड बघायला गेलो. ओसरीत विजेचा मीटर. आधी पैसे भरायचे तसला. त्यावर जुना टॉवेल गच्च गुंडाळलेला, वर चिकटपट्टी!

"बू, मीटरला थंडी वाजते का?"

पाकच्या पत्नी बू हार्जो हसायला लागल्या. "विचार ह्यांना! पैसे संपत आले की मीटर टुं-टुं करतो ना? शेजाऱ्यांचा पक्षी तेच शिकला. भर स्पर्धेत, पंचांसमोर — टुं! टुं! तेव्हापासून आमच्या मीटरला तोंड उघडायची बंदी."

म्हणजे पैसे संपत आलेले कुणाला कळलंच नाही. वीज गेली ती नेमकी संगणक स्वतःचं अपडेट करत असताना. अर्ध्या फाइली लिहिलेल्या, अर्ध्या तशाच! मला नाचावंसं वाटलं.

पाक मटकन बसले. "म्हणजे मीच केलं?"

बूंनी लगेच — "मग काय मी?"

शुक्रवार, ७ जून

झालं! पहिल्यापासून लिहितो.

प्रत केलेली डिस्क बसवली. आधी डिस्कची तपासणी. मी शाळा नववीत सोडली, इंग्रजी कच्चं, म्हणून आज्ञेतलं एकेक अक्षर कागदाशी ताडून मगच बटण दाबत होतो. फोल्डर दिसायला लागले! मग खराब झालेल्या फाइलींच्या जागी चांगल्या. मग सुरुवातीची फाइल नव्याने. बंद केला. चालू केला.

काळा. काळाच. पाक डोळे मिटून पुटपुटत होते.

आणि उजेड! पडद्यावर केन्चोनोचा फोटो, छाती फुगवलेला! गाण्यावर दाबलं — आणि दुकानात तो गायला लागला. एक लांब शीळ, मग पाणी सांडावं तसे सूर. जेवत बसलेल्या को हानांचा चमचा हवेतच राहिला.

पाक रडतील असं वाटलं. ते ओरडले, "दार लाव! रस्त्यावरचं कुणी ऐकेल!"

शनिवार, ८ जून

को हान म्हणाले, सोमवारपासून दुरुस्तीचं टेबल माझं. माझं!!

रविवार, १६ जून

सकाळी पाकचा फोन. "लवकर ये." एवढंच. वाटलं, पुन्हा काळा पडदा! पायात चप्पल न घालताच पळालो.

संगणक ठणठणीत. केन्चोनो गातोय. पाक पिंजऱ्यावरचं कापड हातात धरून उभे, आणि पिंजऱ्याच्या तळाशी एक अंडं. फिकट निळं, ठिपक्यांचं.

बू हसून हसून भिंतीला टेकलेल्या. "अहो, तुमचा घटोत्कच बाळंत झाला!"

मी गाणं बंद करायला गेलो. पाकनी माझा हात धरला.

"राहू दे. ऐकू दे तिला."