आजोबांची पाण्यातली जोडीदारीण

रविवार, ४ मे. सकाळी सात.

बटण दाबलंय. बये, आधी चष्मा शोध, डोक्यावरच असेल. मागची अख्खी वही लिहून घेतलीस आणि बसमध्ये विसरून आलीस. कुणा कंडक्टरला आता माझ्या गुडघ्यांची हकीकत तोंडपाठ असेल. ही नवी वही. मला अक्षरं येत नाहीत म्हणून फोनवर बोलून पाठवतेय आणि नातीचा हात उसना घेतेय. पण वही माझी, खाजगी. तू फक्त लिहायचं. वाचायचं नाही.

तर. तुझे आजोबा अडुसष्टाव्या वर्षी दर रविवारी समुद्रात बुडी मारतात. पाठीवर हवेची टाकी, हातात भाला. कुठल्याशा परक्या समुद्रातला एक मासा आपल्या प्रवाळात घुसलाय. लायनफिश. अंगावर पट्टे, विषारी काट्यांची आयाळ, आणि इथल्या माशांची पिल्लं गिळत सुटलाय. त्याला मारायला ही हौशी फौज. चांगलं काम आहे. माझी तक्रार नाही.

तक्रार एकच. क्लबचा नियम असा की पाण्यात एकट्याने जायचं नाही, जोडीनेच जायचं, आणि खाली जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही. आजोबांच्या जोडीला कोण, तर दातांच्या डॉक्टरीणबाई. रिटायर्ड. उंच. सगळे दात स्वतःचे.

चव्वेचाळीस वर्षं मी ह्यांच्या जोडीला आहे. मला बाजारात कांदे निवडत सोडून हे दोन गल्ल्या पुढे निघून जातात.

मी जळत नाही. तसं लिहून ठेव.

सोमवार, ५ मे.

निश्चय. पंधरा दिवसांत पोहणं. महिन्याभरात टाकी. जूनपासून आजोबांची जोडीदारीण मी. बाईंना नारळ.

बुधवार, ७ मे.

तलावावर गेले. शिकवणारा शिट्टीवाला म्हणाला, आजी, आधी पाण्यात तर उतरा. उतरले. दोन पायऱ्या. पाणी घोट्यापर्यंत. तो म्हणाला, अजून. मी म्हटलं, पहिल्या दिवशी एवढं पुष्कळ झालं.

शुक्रवार, ९ मे.

गुडघ्यापर्यंत. प्रगती आहे. सर्दी झाली. दोष तलावाचा.

रविवार, ११ मे. दुपारी.

छत्री घेऊन धक्क्यावर गेले. सहज. बोटीत बसण्याआधी बाईंनी आजोबांचे पट्टे ओढून पाहिले, ह्यांनी बाईंचे. सुरक्षिततेसाठी, म्हणे. माझ्या गळ्यातल्या साखळीची कडी लावायची म्हटली की ह्यांना दिसत नाही.

निघताना मी प्रेमाने सांगितलं, दर रविवारी सांगते तसंच, की मी इथेच उभी आहे, पाऊण तासात वर आला नाहीत तर दुसरी बोट करून येईन. हसले. एकदा खाली गेल्यावर ह्यांना माझी आठवण कसली येतेय!

मंगळवार, १३ मे.

पोहणं बंद. घाबरून नव्हे. पाण्याखाली माझं कौतुक बघणार कोण?

नवा बेत. मारलेले मासे किनाऱ्यावरच्या टेबलावर साफ होतात. आधी कात्रीने काटे छाटायचे, मग मासा खाण्याजोगा. क्लबच्या सेक्रेटरींना गाठून म्हटलं, मासे साफ करण्यात माझी हयात गेली. येत्या रविवारी टेबल माझं. बाईंनी दात काढावेत, काटे मी काढीन. आजोबांनी डोळे भरून बघावं.

रविवार, १८ मे. संध्याकाळी.

उजवा हात उशीवर ठेवून बोलतेय.

टेबलावर जाड हातमोजे होते. ते नवशिक्यांसाठी, असं मी ठरवलं. मेलेला मासा काय करणार? मेला तरी त्याचा काटा विष सोडतो, हे मला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. अकरा मासे फक्कड झाले. तेवढ्यात बोट लागली आणि दोघं कशावर तरी हसत उतरले. माझी नजर तिकडे, बाराव्याचा काटा अंगठ्यात.

खांद्यापर्यंत नुसती आग. आजोबा पांढरेफटक. पाणी आणू का, पंखा आणू का, करत जागच्या जागी फिरत राहिले. बाईंनी गरम पाणी मागवलं, आधी आपल्या कोपराने पारखलं आणि माझा हात त्यात धरून बसल्या. पाणी निवलं की नवं. दीड तास. आपला डबासुद्धा उघडला नाही.

मला वाटलं, आता माफी मागतील. तर म्हणाल्या, वहिनी, रागावू नका, मी जोडी बदलून मागितलीय. तुमचे मिस्टर खाली अर्ध्या तासातच मनगटावरच्या घड्याळावर टिचक्या मारायला लागतात. म्हणजे काय, तर चला वर, ती धक्क्यावर उभी असेल. एक निघाला की दुसऱ्याने निघायचं, हा नियम. आजसुद्धा भाल्याच्या टप्प्यातला मासा सोडून यावं लागलं. चार रविवार हेच चाललंय.

म्हणजे नकार! माझ्या नवऱ्याला! काय कमी आहे हो त्यांच्यात?

सोमवार, १९ मे.

सेक्रेटरींचा फोन. आजोबांना जोडीला घ्यायला दुसरं कुणी तयार नाही. जोडीदार नाही तर पाणी नाही.

आजोबांनी पाण्यातला चष्मा पुसून कपाटात ठेवला. परत काढला. परत पुसला. चव्वेचाळीस वर्षांत ह्यांनी घरातली एक वाटी पुसलेली नाही.

बुधवार, २१ मे.

बाईंच्या घरी जाऊन आले. योगायोगाने. तीन बस बदलून.

म्हटलं, ठेवा हो त्यांना. मी धक्क्यावर येणार नाही. छत्रीसुद्धा घरी ठेवते. बाईंनी अंगठा बघितला, भरतोय म्हणाल्या. मग म्हणाल्या, या रविवारी एकदा बघते. पुन्हा टिचक्या मारल्या तर मात्र नाही.

घरी येऊन आजोबांना सांगितलं, रविवारी सावकाश या. म्हणाले, तू कुठे निघालीस का? माणसाला कसं समजवायचं!

आता लिहिणं पुरे, काम ऐक आणि या वेळी विसरू नकोस. तुमच्या तिकडच्या बेकरीतली बदामाची बिस्किटं पाठव, बिनसाखरेची. बाई दातांच्या डॉक्टर आहेत, साखर खपवून घेणार नाहीत. शनिवारच्या आत पोचू देत.

आणि मला भाजक्या शेंगा पाठव. टरफलासकट. दोन किलो. एकेक सोलून खायला वेळ लागतो. रविवारी मला घरी बसायचंय.