कामाचा तक्ता, हवालदारांच्या हुकमावरून

५ जानेवारी, सोमवार
हे आता पलटणीतून कायमचे घरी. काळी पेटी माळ्यावर चढली, म्हणजे खरंच. हवालदारकी मात्र खालीच राहिलीय. सकाळी चहा झाल्या झाल्या लेकीची, अनूची ड्रॉइंगची वही, पट्टी आणि लाल-निळं पेन घेऊन बसले. दुपारी फ्रिजवर आठवड्याचा तक्ता. लेकीला झाडलोट आणि अंथरुणं. आत्याबाईंना निवडणं-टिपणं. मला स्वयंपाक. शेवटच्या रकान्यात स्वतःचं नाव: पाणी, दूध डेअरीला घालणं, मंगळवार-शुक्रवार भांडी. आणि गुरुवारी माझ्या नावापुढे चार ते सहा, "मोकळा वेळ".
म्हटलं, त्यात काय करायचं? म्हणाले, "काय पण कर. न्हाईतर काय करू नको."
आत्याबाई म्हणाल्या, नव्याचे नऊ दिवस. मलाही तसंच वाटलं. पण मी संध्याकाळभर फ्रिजपाशी काही ना काही निमित्त काढून जात होते, ते दोन शब्द वाचायला. लग्न होऊन या घरात आल्यापासून मला कुणी नुसता वेळ दिलेला आठवत नाही.

८ जानेवारी, गुरुवार
चार वाजता हे घड्याळ बघत दारात उभे, जणू मला गाडीत बसवून द्यायचंय. मी निघाले. पण कुठं? दुकानातून काही आणायचं नव्हतं, कुणाकडे हळदीकुंकू नव्हतं. पाय आपोआप शेताकडे. तिथंही खुरपं नाही हातात. हातांचं काय करावं कळेना, मांडीवर ठेवले.
बांधावर बसले. उसाला तुरे आलेत. सगळं रान पांढरं, मऊ. वारा सुटला की तुरे एकाच बाजूला वाहायला लागतात. मग वाटतं रान चाललंय, आणि आपण त्यात बसून चाललोय, आमचं कडेगाव मागे राहिलंय. लांबून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरचं गाणं येत होतं. शब्द कळत नव्हते, तेच बरं वाटत होतं. किती दिवसांनी असं...
घरी आल्यावर यांनी विचारलं, काय केलंस? म्हटलं, काय न्हाई. मान हलवून "शाबास" म्हणाले. पहिल्यांदाच शाबासकी, तीही काही न केल्याबद्दल.

९ जानेवारी, शुक्रवार
आज भांडी ह्यांच्याकडे. पण भांडी घासायचा दगड पुढच्या अंगणात, आणि समोर शालनकाकी दिवसभर ओट्यावर. हवालदार खरकटी काढताना बघितले की गावभर होईल. हे डेअरीला गेलेले बघून मी भरभर उरकून टाकली.
हे परत आले, बाह्या वर केल्या, काथ्या घेतला. दगड रिकामा. कुणी केली, विचारलं. आत्याबाईच म्हणाल्या, "वीस वर्सं माझा लेक देशासाठी राबला, आन् आता तुमची खरकटी काढू दे व्हय?"
हे काथ्या जागेवर ठेवून म्हशीकडे गेले. त्या वेळी मला हसू आलं होतं. आत्ता लिहिताना येत नाहीये.

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी
बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोणी. भोगीला हे घरात, असं किती वर्षांत झालं नव्हतं. काठाचं मोठं ताट काढलं. ते यांच्यासाठीच असतं, सुट्टीवर आले की. आधी यांना वाढलं, मग आम्ही तिघी.
हे ताटाकडे बघत बसले. म्हणाले, मला पण तुमच्यासारखी साधी ताटली दे. मी म्हटलं, आज सण हाय, असू द्या.
भांडीसुद्धा मीच घासली. सण म्हणून.

१५ जानेवारी, गुरुवार
बांधावर ऊन इतकं मऊ होतं, की पदर तोंडावर घेऊन आडवी झाले ती डोळाच लागला. स्वप्न पडलं. तेच स्टँड, तीच हिरवी बॅग. नेहमी ते गाडीत असतात आणि मी खाली. आज मी खिडकीत होते आणि खाली ते उभे, हातात काठाचं ताट. गाडी सुटली. मी कुठं चालले होते ते मलाही माहीत नव्हतं, पण फार सुखाचं वाटत होतं, आणि तरी मागं वळून त्यांच्याकडेच बघत होते.
घरी आले तर हे फोनवर. यांच्या पलटणीतला एक दोस्त शिरवळला कंपनीत सिक्युरिटीत आहे. जागा आहे, खोली मिळते, पंधरा दिवसांनी घरी यायचं. हे म्हणाले, सोमवारी हजर होतो.
फोन ठेवला आणि मला विचारलं, आज काय केलंस? 

१६ जानेवारी, शुक्रवार
न राहवून विचारलं. शिरवळ कशाला? पेन्शन हाय, ऊस हाय, काय कमी पडलंय?
हे म्हशीच्या पाठीवर हात फिरवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या तक्त्यात माझं नाव मीच लिवलंय, मंगल. तुमी कुणी लिवलं न्हाई. घर तुमचं लागलंय चाकाला, माझ्याबिगर. मी आपला सुट्टीवरच बरा."
मला वाटत होतं, तक्ता माझ्या सुखासाठी केला. माझ्या दोन तासांवर मी अशी भाळले, की शेवटचा रकाना नीट बघितलाच नाही. माणूस एवढं पेन-पट्टी घेऊन आपल्याच घरात जागा आखत होता, आणि मी दर वेळी ती पुसून ठेवत होते. मानानं, प्रेमानं, लोकांच्या लाजेनं. पाहुण्याला काम कसं सांगायचं?
वाईट वाटतंय. फार.

१८ जानेवारी, रविवार
बॅग भरली. शेंगदाण्याची चटणी, चिवडा, कांबळं. हात सवयीनं भरत होते, मी कुठंतरी तुऱ्यांत होते. अनूनं विचारलं, पप्पा, उद्यापासनं तक्त्यात तुमचं काम कोण करणार? म्हणाले, तुझी आई करतीयाच की.
निघणाऱ्याला अडवू नये, हे आत्याबाईंनी मला लग्नाच्या वर्षीच शिकवलं. हातावर दही ठेवायचं आणि "या" म्हणायचं. दर वर्षी तेच केलं. डोळ्यांतलं पाणीसुद्धा गाडी वळल्यावर.
मटण केलं होतं. यांना साध्या ताटलीत वाढलं, सगळ्यांबरोबर. बघितलं त्यांनी.
मी भांडी तशीच ठेवलीत. तक्त्याप्रमाणं रविवारी ती माझ्याकडे. असू देत.

१९ जानेवारी, सोमवार, सकाळ
पायरीवर बसून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय.
आठची कराडची एस.टी., तिथून शिरवळ. बूट घालून झाले, बॅग उंबऱ्यात. यांनी हात पुढं केला, माझ्या हातात दह्याची वाटी. दही काही ठेवता येईना. म्हटलं, "जाऊ नका."
"निघताना असं म्हणू नये, मंगल."
"म्हाईत हाय. म्हणून तर कवा म्हटलं न्हाई." आणि मग थांबताच आलं नाही. "मला तुमी घरात पायजे. पावना म्हणून न्हाई. कालची भांडी पडल्यात. मी न्हाई घासणार, सांगून ठेवते."
आत्याबाई आतून आल्या, यांच्या तोंडाकडे बघितलं आणि परत आत गेल्या. हे कितीतरी वेळ अंगणातल्या दगडाकडे बघत राहिले. मग मनगटावरच्या घड्याळाकडे. 
आत्ता पावणेआठ होऊन गेलेत. बॅग उंबऱ्यातच आहे. हे दगडापाशी उकिडवे बसून पातेलं घासतायत, शर्टाच्या बाह्या वर करून. शालनकाकी समोरून बघतायत. बघू देत. बूट मात्र अजून पायातच आहेत.