निवडलेली पाथरी

केदारखेडा
ता. २ फेब्रुवारी २०२५

चि. पायलला आज्जीचा भरभरून जयभीम, आन तुझ्या प्लास्टरातल्या पायाला येगळा आशीर्वाद.

सगळ्यात आधी टपकली ती सगुणाबाई. तुझे कालिजातले सर मागल्या महिन्यात आल्ते, त्याचं फोनवर अर्धंच सांगून झालं, आता सगळं ऐक. जीप अजून वळणावर, तं ही शेजारीण माझ्या दारात हजर. साखर मागायला आले म्हणे, आन वाटी घरीच इसरलेली! मागून सर उतरले, संगं दोन म्याडम. सरांनी चहा बशीत वतून पेला. मला माणूस एकदम आवडला.

मंग माळावर गेलो. सर पालथे पडून पाथरीच्या फुलाला भिंग लावून बघत राह्यले. सगुणाबाई म्हणली, भाजी तोडायला एवढं पालथं पडावं लागतं व्हय? म्याडम लई हसल्या. सरांनी मला बी समजावलं. वावरातली पाथरी आन टेकाडावरची ठेंगणी पाथरी, दोन्हीचं फूल पिवळं, दोन्ही तोडल्या की दूध येतं. पर तुझं म्हणणं, जाती दोन हायत, आन ही ठेंगणी दुसरीकडं कुठंच न्हाई. तसं ठरलं तर अर्ज करून टेकाडावर व्हणारी मुरमाची खोदाई थांबवता येईल. तवा फुलं कवळी व्हती. पिकल्यावर झाडं पायलकडं धाडा म्हणले, ती तपासून सांगंल.

काल टेकाडाच्या बुडाला जेसीबी येऊन लागला. उद्यापासून सुरू. मला धडकीच भरली. मंग आज उजाडताच गेले आन ठेंगणी पाथरी व्हती तेवढी मुळासकट उपटून आणली. जेसीबीखाली जाण्यापरीस तुझ्याकडं बरी. एक झाड मागं ठेवलं न्हाई. फोनवर तू बजावलं व्हतं, मागल्या बारीला मातीनं सगळं सडलं, या बारीला बराबर साफ करून धाड. आता निवडणं मला कुणी शिकवावं का? दिवसभर बसून निवडली. अशी सुरेख झाली, सगुणाबाई बघतच राह्यली. फुलं काही फोनातून जात न्हाईत, म्हणून हे पाकीट. चौथीपातूर शिकलेलं अक्षर नातीच्या कामाला आलं, मला आज लई आनंद झालाय.

पाय हलवू नको. माया हायच, ती वाढव.
तुझी आज्जी, कौसल्या

छत्रपती संभाजीनगर
ता. ७ फेब्रुवारी २०२५

ती. आज्जीस, पायलचा जयभीम.

फोन करवत नाही म्हणून लिहिते. फोनवर मला रडू आलं असतं आणि तू घाबरली असतीस.

पाकीट पोचलं. खोलीतल्या मैत्रिणीनं उघडलं आणि विचारलं, शिजवायची का? आज्जे, तू भाजी निवडलीस. मुळं खुडलीस, जमिनीलगतची जून पानं काढलीस, आणि म्हातारी झालेली, कापूस फुटलेली बोंडं एकूण एक चिमटून टाकलीस. माझ्यापुढे कवळी पानं आणि ताजी फुलं तेवढी आहेत. ती दोन्ही जातींची सारखीच दिसतात. फरक असतो तो बीच्या अंगावरच्या शिरांत, तिच्या डोक्यावरच्या कापसात आणि मुळाशी. नेमकं तेच नाही.

चुकून एखादं बी राहिलं असेल म्हणून दोन दिवस एकेक फूल भिंगाखाली उलटंपालटं केलं. एकही नाही. तू फार चांगलं निवडतेस.

साफ म्हणजे नुसती माती झटकायची, हे मी सांगितलंच नाही. कुठल्या तोंडानं तुझ्यावर रागावू? पण तो कचरा कुठे आहे? उकिरड्यावर असेल तर कुणाला हात लावू देऊ नकोस. एक मूळ, एक बी, काहीही चालेल. अर्जाला दुसरा पुरावा नाही. सरांना कळवलंय, ते तिकडे येतील.

वेड्या नातीवर लोभ आहे तसा राहू दे.
पायल

केदारखेडा
ता. १६ फेब्रुवारी २०२५

चि. पायलला आज्जीचा जयभीम आन गालावरून हात.

तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

मुळं आन जून पानं मी त्याच दिवशी शेळीला टाकली व्हती. तिला काय, तिनं मटामटा खाल्ली. कापूस सुपात जमला व्हता. त्याचं सांगायला जीभ रेटत न्हाई, माय. मी आन सगुणाबाईनं तो फुंकर मारून उडवला. पोरी व्हतो तवा खेळायचो तसा. कुणाचा वर जातो म्हणून पैज लावली, आन लई हसलो.

आता दोघी मिळून अंगण झाडलं, भिंतीच्या फटी उकरल्या, कोंबड्याच्या खुराड्यात हात घातला. कोळ्याच्या जाळ्यात एक झुबका घावला. मी तं नाचायचीच राह्यले. डबीत जपून ठेवला.

गुरुवारी सर आले, संगं त्यातली एक म्याडम. डबी उघडली, भिंग लावलं, आन हळूच म्हणले, आज्जी, ही रुईची म्हातारी हाय. सगुणाबाई पदर तोंडाला लावून उठून गेली.

टेकाड अर्धं गेलं. ड्रायव्हरनं सर फिरेपातूर मशीन बंद ठेवलं, माणूस भला. उरलेल्या अंगाला सरांनी वाकून वाकून बघितलं. तिथं काय घावणार? तिथली झाडं बी मीच उपटली व्हती. म्याडमनं माझा हात धरला. मला चहाचं बी सुचलं न्हाई.

तू म्हणते चूक तुझी. मी पोरीबाळींना हातानं खाऊ घालते तशीच निवडली, पायले. मला वाटलं, चांगलं तेवढं तुझ्याकडं जावं.

प्लास्टर निघालं की इकडं ये. तुझी वाट बघून राह्यले. जीव हाय तवर माया हाय, तेवढी मोजून घेऊ नको.
तुझी आज्जी

ता. क. पावसानं मातीतलं एखादं बी उगवंल, असं सर म्हणले. मशीनवाला म्हणतो, होळीपातूर समदं सपाट. ते मी सरांना सांगितलं न्हाई. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पह्यल्या रविवारी परत येतो म्हणलेत. मी या म्हणले.