पाठीतल्या यंत्राची अकरा कडवी

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्याचे भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? (माझ्या पायाचं विचारू नकोस, खाली त्याचंच आहे.)

नऊ वर्षं माझा डावा पाय पेटलेला असतो, हे तू जाणतोस. डॉक्टर आता पाठीत काडेपेटीएवढं यंत्र बसवणार. त्याची तार कण्यातल्या नसांपाशी बारीक वीज सोडते, म्हणजे दुखणं वर मेंदूपर्यंत पोचत नाही. धोक्यांचा छापील कागद देऊन "घरी नीट वाचा" म्हणाले. आता शाळेपासून मला चालीवर म्हटल्याशिवाय काही डोक्यात राहत नाही, म्हणून तो कागद भुजंगप्रयात वृत्तात बसवला:

तुटे तार किंवा सरे जागचीही,
कधी आत साचे तिथे रक्त पूही!

अशी अकरा कडवी. काल दवाखान्याच्या बाकावर गुणगुणत होतो, तर शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "मोठ्यानं म्हणा की!" म्हटलं (उभं राहून, एका पायावर). चौथ्या कडव्याला (बॅटरी संपते, पाठ पुन्हा उघडतात) एक निवृत्त पोस्टमन उठून गेले. सातव्याला (दुकानाच्या दारातल्या चोर पकडणाऱ्या चौकटीतून जाताना झटका बसतो) बाक रिकामा. शिंपीणबाई तेवढ्या शेवटपर्यंत थांबल्या आणि डोळे पुसत घरी गेल्या. माझ्या एकाही निसर्गकवितेनं कधी कुणाला जागचं हलवलं नव्हतं रे!

डॉक्टर बाहेर आले. "काका, माझे पेशंट कुठंयत?" मग माझी वही वाचून म्हणाले, "आणि यात पक्षाघात कुठंय?" मी म्हटलं, वृत्तात बसेना, गाळला. त्यांनी खिशातलं पेन काढून वहीच्या समासात 'पक्षाघात' लिहिला.

शस्त्रक्रिया गुरुवारी. घरच्या एकाची सही लागते, आणि अकरा कडवी ऐकल्यापासून तुझी वहिनी पेनाला हात लावत नाही. तेव्हा तू ये आणि सही कर.

तुझा,
दादा

ता. क. खरं सांगतो. मागे आठवडाभर यंत्र बाहेरून लावून पाहिलं होतं. दुखणं निम्म्यावर आलं. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलो, परतही आलो. पण त्यावर एक ओळ सुचेल तर शपथ, म्हणून डॉक्टरांखेरीज कुणाला बोललो नाही.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी तुझ्या वहिनीनं पत्र वाचलं. "निम्म्यावर आलं, आणि मला पत्ता नाही?" म्हणाली आणि उभ्याउभ्या सही करून मोकळी झाली. तुझ्या सहीची गरज उरली नाही. पण आता मला 'नको' म्हणणारं घरात कुणीच नाही. तेवढ्यासाठी तरी बुधवारपर्यंत ये.